शेत राखले तर घर महागते का?



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या युवामंडळाने चर्चच्या व्हरांड्यात भित्तिपत्रके लावली होती. भाताची खाचरे, बगळे, मागे डोंगर आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शेती वाचवा, सृष्टी वाचवा'. मुलांनी मेहनत घेतली होती आणि मी व्यासपीठावरून त्यांचे कौतुकही केले. मिस्सेनंतर एक तरुण गृहस्थ मला भेटले. डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहतात, घरात दुसरे बाळ येऊ घातले आहे आणि दोन वर्षांपासून घर शोधत आहेत. ते म्हणाले, "फादर, शेतं वाचवा म्हणणं सोपं आहे. पण शेतं वाचवली की बांधायला जागा कमी, जागा कमी की घरं महाग. मग माझ्या हप्त्यात तुमच्या हिरवळीचा वाटा किती, तेवढं सांगा."

प्रश्नाला धार होती, पण त्यात उद्धटपणा नव्हता. मला तो फार प्रामाणिक वाटला. आपण धर्मगुरू एका रविवारी सृष्टीच्या रक्षणावर बोलतो, दुसऱ्या रविवारी प्रत्येक कुटुंबाला डोक्यावर छप्पर हवे असे सांगतो, आणि दोन्ही रविवारी लोक माना डोलावतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या दोन्ही गोष्टी आहेत. वसुंधरेची काळजी तर आहेच. शिवाय जगात अनेक ठिकाणी घरांची टंचाई ही गंभीर समस्या असून घराचा संबंध माणसाच्या प्रतिष्ठेशी आहे, असेही त्यात सांगितले आहे. कागदावर दोन्ही विचार शेजारी शेजारी सुखाने नांदतात. शिळफाट्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात त्यांची गाठ पडते तेव्हा काय होते, हे मात्र आपल्यालाच बघावे लागते. आपल्या धर्मग्रामात तर दोन्ही पक्ष एकाच बाकावर बसतात. सातबाऱ्यावर नाव असलेली जुनी कुटुंबे आहेत आणि मुंबईच्या चाळीतून, गोव्याहून, केरळातून, अहिल्यानगरकडून आलेली फ्लॅटमधली कुटुंबेही आहेत.

आधी आपल्याकडे बंधन नेमके कोणते आहे ते पाहू. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ साली मंजूर झाली, दुसरी १९९९ साली आणि त्यानंतरची २०२१ साली. या योजनांच्या नकाशांत काही जमीन नागरी वापरासाठी दाखवलेली असते आणि काही 'हरित विभाग' म्हणून. लोकांच्या बोलण्यात ते यलो झोन आणि ग्रीन झोन. हिरव्यात शेती चालते आणि अगदी विरळ बांधकाम चालते. सोसायट्यांच्या रांगा उभ्या करता येत नाहीत. यावर आणखी एक कुंपण आहे. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमान्वये, काही अपवाद सोडले तर, शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि शेतावर घर बांधायचे तर बिनशेती म्हणजे एन.ए. करून घेण्याची वारीही करावी लागत असे. एवढी कुंपणे असताना बांधायला मिळणारी जमीन मर्यादित राहते, हे मान्य केलेच पाहिजे.

माणसे मात्र मर्यादित राहिली नाहीत. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाख होती. २०११ साली ती १ कोटी १० लाखांवर गेली आणि आपला जिल्हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (पालघर वेगळा झाला तो नंतर, १ ऑगस्ट २०१४ रोजी.) दहा वर्षांत २९ लाख माणसे वाढली. इतक्या लोकांना घरे हवीत आणि जमिनीला कुंपण घातलेले, अशा स्थितीत किमतीवर काहीच परिणाम होत नाही असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेणे होय.

इंग्लंडमध्ये हा वाद आपल्यापेक्षा खूप जुना आहे. लंडनभोवती बांधकामाला मनाई असलेला हिरवा पट्टा आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कायद्यांनी तो पक्का झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे पॉल चेशायर हे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आले आहेत की या पट्ट्यामुळे घरे महाग होतात, आणि त्याचा लाभ ज्यांची घरे आधीच झाली आहेत त्यांना मिळतो. २००४ साली ब्रिटिश सरकारसाठी केट बार्कर यांनी घरांच्या पुरवठ्याचा अहवाल दिला. तिथल्या नियोजनपद्धतीमुळे मागणी वाढली तरी घरांचा पुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही, असा त्याचा रोख होता. तेव्हा त्या तरुण गृहस्थांचे गणित चुकीचे नाही. बंधनाची किंमत असते, आणि शेते वाचवा म्हणणाऱ्या आपण सर्वांनी हे स्पष्टपणे कबूल करावे असे मला वाटते. कबूल केल्याशिवाय पुढचा विचार खरा होणार नाही.

पण पुढचा विचार आहे, आणि तो थोडा किचकट आहे.

सेमिनरीत असताना आम्हाला डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची तोंडओळख करून दिली होती. (तत्त्वज्ञानाच्या वर्गात अर्थशास्त्र कशाला, असे तेव्हा आम्हा बहुतेकांना वाटे.) १८१७ च्या आपल्या ग्रंथात त्याने एक उलटे वाटणारे मत मांडले. लोक म्हणत होते की जमिनीचा खंड फार म्हणून धान्य महाग. रिकार्डोचे म्हणणे असे की धान्याला भाव फार मिळतो म्हणून जमिनीला खंड फार मिळतो. हेच आपल्या घरांना लावून बघा. समजा, आपल्या भागात फ्लॅटचा भाव चौरस फुटाला ७,००० रुपये आहे. बांधकामाला ३,००० लागले. शुल्क, कर आणि कर्जाचे व्याज मिळून १,५०० गेले. बांधणाऱ्याने आपला नफा १,००० धरला. उरले १,५००. जमीनमालकाला तो जास्तीत जास्त तेवढे देऊ शकतो. म्हणजे घराची किंमत जमिनीपासून वर चढत जात नाही. बरेचदा ती ग्राहकाच्या ऐपतीपासून खाली उतरत जमिनीपर्यंत येते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण बिल्डरच्या कचेरीत हिशेब या दिशेनेच होतो.

आता पलीकडचे पाच एकर उद्या हिरव्याचे पिवळे झाले आणि ते एखाद्याला स्वस्तात मिळाले, तर तो ७,००० चा भाव ५,५०० करील का? करणार नाही. बँक ज्या पगारावर जेवढे कर्ज देते ते तेवढेच आहे, ठाणे नाही परवडले म्हणून डोंबिवलीकडे सरकणारे लोक तेवढेच आहेत. तो ७,००० लाच विकील आणि मधली रक्कम खिशात टाकील. भाव खाली येतो तो बाजारात विकायची घरे फार झाली आणि ती पडून राहिली तर. आणि तसे दिसू लागले की पुढच्या इमारतीचे काम थांबते. 'दुसरा टप्पा लवकरच' असा फलक मग चार-चार पावसाळे झेलत उभा राहतो.

याचा एक अनुभव आपल्या राज्याने घेतलेला आहे. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे शहरांतल्या मोकळ्या जमिनी अडकून पडल्या आहेत, तो कायदा गेला की जमीन मोकळी होईल आणि घरे आवाक्यात येतील, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. त्यानंतर ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर इमारती किती उठल्या ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वर्षांत कोणाला घर स्वस्त मिळाले का, हे घरोघरी विचारून बघा. जागतिक मंदीच्या सुमारास भाव काही काळ थबकले, पुन्हा चढले. जमीन मोकळी झाली, घरेही झाली; ज्याला घर हवे होते तो मात्र होता तिथेच राहिला. दुसरीकडे, २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत जनगणनेचा आधार घेऊन म्हटले आहे की महाराष्ट्रात वीस लाखांवर घरे रिकामी आहेत आणि एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार. टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात नांदतात, याचा अर्थ दोष सगळा जमिनीच्या कुंपणाचा नाही.

शिवाय आपल्याकडे घराला नुसती जमीन पुरत नाही. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली, आणि ती वर्षभर राहिली. कारण काय? कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय नव्हती. आधारवाडीचा डोंगर ज्यांच्या खिडकीतून दिसत असे त्यांना वेगळे सांगायला नको. मे २०१७ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींबाबत न्यायालयाने असाच आदेश दिला. तिथे कारण होते पाण्याचे. या दोन्ही वेळी शेतजमीन आडवी आलेली नव्हती. पाणी, गटार, कचरा आणि सकाळच्या लोकलमध्ये उभे राहायला वीतभर जागा, यांची खरी टंचाई होती. आणि या गोष्टी हिरव्या रंगाचा पिवळा करून मिळत नाहीत.

इथे वसईची आठवण होणे साहजिक आहे. आपल्यापैकी अनेकांचे माहेर तिथले. १९८८ च्या सुमारास शासनाने वसई-विरारचा मोठा हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे ठरवले आणि पुढे नियोजनासाठी सिडकोला आणले. तेव्हा दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. पानवेली, केळीच्या बागा, विहिरींचे गोडे पाणी यांसाठी हजारो माणसे रस्त्यावर उतरली. त्या चळवळीचा मला अभिमान आहे. पण आज, इतक्या वर्षांनंतर, आपण दुसरी बाजूही बोलली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. नालासोपाऱ्यात, विरारमध्ये ज्या लाखो कुटुंबांनी पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कडी लावली, त्यांना मुंबईत काय, ठाण्यातही घर मिळाले नसते. ती घरे काही अंशी त्या खुल्या केलेल्या जमिनीवरच उभी आहेत. एखाद्या कुटुंबाचा तो आनंद खोटा होता असे मी म्हणू शकत नाही. तसेच, जुलै २०१८ मध्ये त्याच वस्त्या दिवसचे दिवस पाण्यात होत्या, रेल्वे बंद होती, वीज नव्हती, हेही खरे आहे. ज्या खाचरांत आणि खाजणांत ते पाणी पूर्वी मुरत आणि पसरत असे, तिथे आता तळमजले होते. घर स्वस्त मिळाले. उरलेली किंमत पावसाने हप्त्याहप्त्याने वसूल केली. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी यांनी कल्याण-बदलापूरकडे काय केले ते आठवणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

तरीही माझ्या मते खरी मेख याहून वेगळी आहे. आपल्याकडचे बंधन हे बंधन आहे का, हाच प्रश्न आहे. लंडनचा हिरवा पट्टा हिरवाच राहणार, अशी निदान लोकांची समजूत तरी असते. आपल्याकडे हिरव्या जमिनीकडे बघणारा प्रत्येक जाणता माणूस मनात म्हणतो, आज ना उद्या ही पिवळी होणार. मग जो थांबू शकतो तो हिरव्याच्या भावात घेतो आणि थांबतो. शेतीही नाही, घरेही नाहीत. नुसते तारेचे कुंपण आणि गवत. रस्त्याची, मेट्रोची घोषणा होईपर्यंत जमीन तशीच पडून राहते. शेत राखण्यासाठी केलेला नियम शेतही राखत नाही आणि घरही होऊ देत नाही, असा हा प्रकार.

आणि नियम सर्वांना सारखाही नाही. २००० नंतरच्या दशकात विशेष नागरी वसाहतींचे धोरण आले. सलग १०० एकर जमीन जो गोळा करील, त्याला शेतीविभागातही वसाहत उभारण्याची वाट त्या धोरणाने खुली केली. तशी वसाहत चांगली बांधली जात असेल, तिथे बागा आणि शाळाही असतील. माझा आक्षेप त्याला नाही. पण शेजारच्या गावात दोन एकर वडिलोपार्जित जमीन असलेल्या आगरी किंवा ख्रिस्ती शेतकऱ्याला, दोन मुलांची लग्ने झाली म्हणून चार खोल्या वाढवायच्या असतात. त्याचे गावठाण पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दिलेले नाही. तो स्वतःच्या शेतात भिंत उभारतो आणि अनधिकृत ठरतो. नवी मुंबईत अशा घरांना सरकारी कागदांतही 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे नाव पडले आहे. मला हा शब्दप्रयोग फार बोलका वाटतो. शंभर एकरवाल्याची गरज धोरण ठरते आणि दोन एकरवाल्याची गरज गुन्हा ठरते.

डोंबिवलीभोवतीच्या २७ गावांचे काय झाले ते तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ती गावे आत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कोणाच्या परवानगीने काय बांधायचे हे कोणालाच धड ठाऊक नाही, अशा काळात शेतांमधून चाळी आणि इमारती उगवल्या. ज्याला कायदेशीर घर परवडत नाही तो तिथे जातो. नियमाने वाढलेली किंमत टाळण्यासाठी गरीब माणूस नियमाच्या बाहेर जाऊन राहतो, आणि तिथे त्याला वाली नसतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ परवानगीवाचून बांधली जात असलेली इमारत कोसळली. काम चालू असतानाच लोक आत राहायला आले होते. ७४ माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितले. बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेराकडे नोंदणीसुद्धा झालेली होती. तिथे घर घेणाऱ्यांनी नोंदणी पाहिली होती, बँकेचे कर्ज काढले होते. साध्या माणसाने याहून आणखी काय तपासायचे?

तेव्हा 'शेत की घर' असा प्रश्न मांडला की दोन दुबळी माणसे समोरासमोर उभी राहतात, एक शेतकरी आणि एक भाडेकरू. किंमत वाढते, हे ठरलेच. पण ती कोण भरतो आणि कोणाच्या हाती जाते? शेत हिरवे ठेवायचे तर शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव दबतो. घर घेणाऱ्याचा हप्ता वाढतो. आणि तिसरा जो आहे, ज्याचा फ्लॅट दहा-पंधरा वर्षांपूर्वीच झाला, त्याला गॅलरीतून वारा मिळतो, भाताचा वास मिळतो आणि फ्लॅटची किंमतही वाढून मिळते. हा तिसरा माणूस म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण. पत्रकांवर सह्या करायला आपणच पुढे असतो. त्यात वाईट काही नाही, पण फुकटात मिळालेला सद्गुण जरा तपासून घ्यावा. चर्चचीही जागा आहे आणि आपल्यालाही मोकळी हवा मिळते, म्हणून मी स्वतःला यातून वगळत नाही.

बायबलमध्ये या विषयावर एक जागा आहे जी आपण सहसा वाचत नाही. गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात लेव्यांना नगरे देताना, प्रत्येक नगराच्या तटाबाहेर हातांनी मोजून गायरान सोडायला सांगितले आहे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात ते गायरान विकायचे नाही असे म्हटले आहे. त्याच अध्यायात आणखी एक बारकावा आहे. तटबंदी असलेल्या नगरातले घर विकले आणि वर्षभरात सोडवले नाही तर ते कायमचे गेले. पण तट नसलेल्या खेड्यातले घर शेताबरोबर धरायचे, आणि पन्नासाव्या वर्षी ते मूळ कुटुंबाकडे परत जायचे. नगर आणि शिवार यांचे नियम वेगळे ठेवणे, शहराभोवती मोकळी जमीन राखणे, ही कल्पना इतकी जुनी आहे. पण लक्षात घ्या, शिवार राखणाऱ्या त्याच नियमावलीत जमीन एकाच्या हाती कायमची साचू नये याचीही तजवीज आहे. आपण पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

संत थॉमस अक्वायनस यांनी हेच तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडले. मालमत्ता सांभाळायला माणसाकडे खासगी असणे योग्य आहे, कारण आपले म्हटले की माणूस नीट सांभाळतो. पण तिचा उपयोग करताना ती सर्वांची समजून, गरजूला देण्याची तयारी ठेवून करावी. आता जमिनीचा विचार करा. हिरव्याची पिवळी झाली की एका रात्रीत तिची किंमत कित्येक पट होते. मालकाने त्या रात्री काय केले? नांगरले नाही, बांध घातला नाही. किंमत वाढवली ती एका सहीने, आणि समाजाने केलेल्या रस्त्याने, पाण्याच्या वाहिनीने. ही वाढ समाजाची आहे, निदान तिचा मोठा भाग तरी. इंग्लंडने १९४७ च्या कायद्यात ती सगळीच्या सगळी सरकारजमा करण्याचे ठरवले होते. मालक जमीन विकेनासे झाले, कायदा बदलायची वाट बघत बसले, आणि १९५३ साली ते कलम गेले. सगळे काढून घेतले की माणूस हात आखडतो, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाचजण हुतात्मे झाले. त्या लढ्यामुळे नवी मुंबईच्या शेतकऱ्याला संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याची योजना आली. म्हणजे वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा वाटा. कल्याण विकास केंद्रासाठी दहा गावांतली १,०८९ हेक्टर जमीन ठरली, तेव्हाही जमीन एकत्र करून निम्मी विकसित भूखंडांच्या रूपाने परत, अशी मांडणी होती. गावांनी तिच्यावर विश्वास ठेवायला वेळ लावला, आणि त्याला कारण आहे. नेवाळीची जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी गेली. ती परत मिळावी म्हणून जून २०१७ मध्ये, इतक्या वर्षांनी, तिथे आंदोलन पेटले. ज्याच्या आजोबाची जमीन तात्पुरती म्हणून गेली, तो कागदावरच्या निम्म्यावर सहजी कसा विसंबेल?

आणि या सगळ्या वाटणीत घर घेणाऱ्याचा वाटा कुठे आहे? ठाण्यासारख्या शहरांत मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी म्हणून एक टक्का अधिभार तोच भरतो. मेट्रोमुळे ज्याची पडीक जमीन सोन्याची झाली, त्याला तसा अधिभार कोणी मागितल्याचे मी ऐकले नाही.

त्या तरुण गृहस्थांना मी जे उत्तर दिले ते इथेही लिहितो. होय, तुमच्या हप्त्यात हिरवळीचा वाटा आहे. पण त्याहून मोठा वाटा हिरवळ कधी जाते याची वाट बघत बसणाऱ्याचा आहे. जिथे पावसाचे पाणी साठते, नदी आणि खाडी फुगून जिथे पसरतात, ती जमीन कोणत्याही किमतीला उघडू नये. तिथले घर स्वस्त नसते, फक्त बिल उशिरा येते. तिथल्या शेतकऱ्याला शेत राखण्याबद्दल काहीतरी मिळाले पाहिजे, आणि ते आपल्या करांतून गेले तर आपण कुरकुर करू नये. बाकीची काही जमीन उघडावी लागेल, कारण माणसे येतच राहणार. ती उघडताना आधी गावठाण वाढवून द्यावे, मग लहान घरांचा पक्का हिस्सा आणि पाण्याची सोय लिहून घ्यावी, आणि त्यानंतरच नकाशाचा रंग बदलावा. यावर ते म्हणाले, "हे होईपर्यंत माझी मुलं कॉलेजात जातील." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या ओळखीत रिकामे फ्लॅट कुलूप लावून ठेवलेले आपल्याच धर्मग्रामातले लोक असतील, एवढे मात्र माझ्या मनात आले. योग्य भाड्याने, धर्म-जात न विचारता, तीन-चार वर्षांच्या भरवशाने घर द्यायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. विकास आराखड्यात जमिनीचा रंग बदलायचा असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. मुदत साधारण महिन्याभराची असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांच्या रांगांमध्ये ती सूचना दडलेली असते आणि आपण ते पान भाजी निवडायला घेतो. आपल्या भागाची अशी सूचना कोणाला दिसली तर कात्रण चर्चच्या कचेरीत आणून द्यावे. ते दारापाशीच्या फलकावर लावले जाईल. आपल्यातले एक वकील आणि एक आर्किटेक्ट महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सभागृहात बसायला तयार झाले आहेत. ज्यांची शेती आहे त्यांनी सातबाऱ्याची प्रत आणावी आणि ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी इमारतीचे मंजूर नकाशे आणि महारेराचा क्रमांक. दोघांनी एकाच वेळी आले तर बरे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू